यात्रेची गर्दी : अंदाजाकडून मोजणीकडे

(यात्रा-उत्सवांच्या व्यवस्थेत भाग घेणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर हिंगोली जिल्ह्यात केलेल्या भाषणाचा संकलित भाग)



औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसराचे नाव आज जगभरच्या शास्त्रज्ञांना ठाऊक झाले आहे. गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा तेथे उभारावयाची असून केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये खर्चाला मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आणि त्यांत अणुगर्भातील प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी पटींनी सूक्ष्म असा बदल टिपणारे यंत्र, असे तिचे स्वरूप आहे. अशा यंत्राला जमिनीचा बारीकसा कंपही सहन होत नाही. दूरच्या रस्त्यावरील मालमोटार, रुळांवरून जाणारी आगगाडी, माणसांची पावले, हे सारे त्या यंत्राच्या दृष्टीने गोंगाटच. म्हणून तर जागा निवडताना शांत भूमी शोधावी लागली.

त्याच तालुक्यात नागनाथाचे ज्योतिर्लिंग आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी तेथे हजारो पावले एकाच दिशेने चालू लागतात. मनात प्रश्न येतो तो असा : जे पाऊल शास्त्रज्ञांना गोंगाट वाटते, ते आपल्यासाठी मोलाची माहिती आहे, मग ती माहिती आपण टिपतो काय? यात्रा पार पडल्यावर 'लाखो भाविकांनी दर्शन घेतले' असे वाक्य आपण वाचतो. ते लाख कोणी मोजले, केव्हा मोजले आणि मोजून त्यांचे काय केले, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. आज मी त्याच विषयावर बोलणार आहे. बिनतारी संवेदकांच्या साहाय्याने उघड्यावरील गर्दी कशी मोजता येते, त्या मोजणीच्या मर्यादा कोणत्या आणि तिचा उपयोग कशासाठी करावयाचा, एवढ्यापुरतेच माझे बोलणे आहे.

आपला जिल्हा आणि आपल्या यात्रा

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हिंगोली, औंढा नागनाथ, कळमनुरी, सेनगाव व वसमत असे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५. जिल्हा लहान खरा, परंतु यात्रा-उत्सवांनी भरलेला. औंढ्याची महाशिवरात्र आणि रथोत्सव, नर्सी येथील संत नामदेवांच्या स्थानी भरणारी परतवारीची यात्रा, हिंगोलीच्या रामलीला मैदानावरचा दसरा, जिल्ह्यातून पंढरीकडे जाणारी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी, शिवाय गावोगावच्या जत्रा आणि उरूस.

यांतील प्रत्येक प्रसंगी गर्दीचे रूप निराळे असते. मैदानावरची गर्दी पसरलेली असते. पालखीची गर्दी चालती असते. देवळातील गर्दी एका अरुंद वाटेतून आत जाऊन तशाच अरुंद वाटेने बाहेर येते. औंढ्याच्या मंदिराचा गाभारा भूमीच्या पातळीखाली आहे. तेथे अरुंद पायऱ्या उतरून वाकून जावे लागते. देवळाच्या बाहेर कितीही विस्तीर्ण मंडप घातला, तरी यात्रेचा वेग ठरवते ती ही चिंचोळी वाट.

गर्दी मोजण्याचे शास्त्र येथूनच सुरू होते. 'एकंदर किती लोक आले' हा प्रश्न वर्तमानपत्राचा आहे. व्यवस्थेचा प्रश्न वेगळा : या क्षणी चिंचोळ्या वाटेपाशी मिनिटाला किती लोक येत आहेत, आणि मिनिटाला किती बाहेर पडत आहेत?

पाटीवरचे गणित

यंत्राकडे जाण्यापूर्वी शाळेच्या पाटीवर मावेल असे एक गणित करून पाहू. समजा, एखाद्या गाभाऱ्यात एका वेळी चार भाविक उभे राहतात आणि सरासरी वीस सेकंद थांबतात. म्हणजे मिनिटाला १२, तासाला ७२० आणि अखंड चोवीस तासांत १७,२८० लोकांचे दर्शन होईल. थांबण्याचा वेळ निम्मा केला, तरी ३४,५६० च्या पुढे आकडा जाणार नाही. यावरून यात्रेला लाख लोक आले नसतील असे म्हणता येत नाही. परंतु त्या सर्वांनी गाभाऱ्यात जाऊन दर्शन घेतले, असे मात्र म्हणता येणार नाही.

आता याच गणिताची दुसरी बाजू पाहा. तासाला २,००० लोक रांगेत येत आहेत आणि ७२० बाहेर पडत आहेत, असे धरू. दर तासाला १,२८० लोक शिल्लक राहतील. तीन तासांत ही शिल्लक ३,८४० होईल. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे उभी केली, तरी त्यांना ९६० चौरस मीटर जागा हवी. तेवढी जागा मंडपात नसेल तर ही माणसे जातील कोठे? ती रस्त्यावर, उतारावर, दुकानांच्या ओळींमध्ये आणि एकमेकांच्या अंगावर साचतील. त्यात कोणाचा दोष नसतो. वजाबाकी चुकलेली असते, एवढेच. आणि ही वजाबाकी यात्रेच्या दुसऱ्या तासालाच करता येण्याजोगी असते.

मैदानावरील गर्दीसाठीही अशीच सोपी रीत आहे. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकविणारे हर्बर्ट जेकब्ज यांनी १९६० नंतरच्या दशकात विद्यार्थ्यांच्या निदर्शनांची छायाचित्रे पाहून ही रीत बसविली. चौकातील फरशीवर चौकोन आखलेले होते. काही चौकोनांतील माणसे मोजावयाची, सरासरी काढावयाची आणि एकूण चौकोनांनी गुणावयाचे. विरळ गर्दीत एका माणसामागे दहा चौरस फूट, दाट गर्दीत सुमारे साडेचार चौरस फूट जागा धरावी, असा त्यांचा ठोकताळा होता. शंभर मीटर लांब व साठ मीटर रुंद मैदान घेतले तर त्याचे क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर. चौरस मीटरला चार माणसे धरूनही तेथे २४,००० माणसे मावतात. अशा मैदानावर एक लाखाची सभा झाली असे कोणी म्हणाले, तर सातवीतील विद्यार्थ्यालाही त्यातली चूक दाखविता आली पाहिजे.

दुर्घटना कशा घडतात

या गणिताला मी इतके महत्त्व का देतो, ते सांगतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद, उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ जण दगावले. २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर जवळपास ३०० भाविकांचा बळी गेला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ माणसे मृत्यू पावली. तेथे तर यात्राही नव्हती. एका ठिकाणी देवाची वाट, दुसऱ्या ठिकाणी डोंगराच्या पायऱ्या, तिसऱ्या ठिकाणी कामावर जाण्याचा रस्ता. तिन्हींत समान गोष्ट ही की वाट अरुंद होती, आणि मागून येणाऱ्यांचा ओघ पुढे सरकणाऱ्यांपेक्षा मोठा होता.

'चेंगराचेंगरी' या शब्दाने आपली थोडी दिशाभूल होते. लोक घाबरून धावले आणि पायाखाली माणसे तुडविली गेली, असे चित्र त्याने डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात अशा अनेक प्रसंगी माणसे उभ्या-उभ्याच गुदमरतात. चौरस मीटरला चार माणसांपर्यंत चालता येते. पाच-सहा झाली की पाय उचलणे कठीण होते. सातच्या आसपास गर्दी पाण्यासारखी वागू लागते. एका बाजूचा धक्का लाटेसारखा दुसऱ्या बाजूपर्यंत जातो आणि छातीवर येणाऱ्या दाबामुळे श्वास घेता येत नाही. अशा वेळी 'शांत राहा, ढकलू नका' असे ध्वनिक्षेपकावरून सांगून उपयोग होत नाही, कारण कोणीही जाणूनबुजून ढकलत नसतो.

गर्दीचा खरा दोष असा की तिच्या पुढच्या टोकाला काय चालले आहे ते मागच्या टोकाला कळत नाही. पुढे आजीबाईंचा श्वास कोंडत असतो आणि पन्नास हातांवर मागे असलेला तरुण रांग हलत का नाही म्हणून एक पाऊल पुढे टाकतो. या दोन टोकांमध्ये निरोप पोहोचविणारा कोणी नसतो. बिनतारी संवेदकाचे काम काय, असे मला विचाराल तर मी म्हणेन : तो हा निरोप्या आहे.

बिनतारी संवेदक म्हणजे काय

संवेदक म्हणजे प्रकाश, दाब, उष्णता किंवा रेडिओलहरी यांतील बदल ओळखून त्याचा विद्युत-संकेत करणारा छोटा घटक. त्याला एक लहानशी संगणकीय चकती, विद्युत्-घट आणि रेडिओ-प्रेषक जोडला की तो तारेशिवाय आपला आकडा नियंत्रण कक्षाकडे धाडू शकतो. गर्दी मोजण्यासाठी मुख्यतः चार प्रकार वापरले जातात.

पहिला प्रकार प्रकाशशलाकेचा. वाटेच्या एका बाजूने डोळ्यांना न दिसणारी अवरक्त किरणांची शलाका सोडावयाची. माणूस मधून गेला की ती खंडित होते आणि एक आकडा वाढतो. एकापुढे एक अशा दोन शलाका ठेवल्या की माणूस आत गेला की बाहेर आला, हेही समजते. हे साधन साधे आणि स्वस्त. उणीव एवढीच की दोन माणसे खांद्याला खांदा लावून गेली तर यंत्राला ती एकच वाटतात. म्हणून एकेरी दर्शनरांगेत ते उत्तम, मोकळ्या दरवाजात मात्र अपुरे.

दुसरा प्रकार पायाखालच्या पट्ट्याचा. याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. २०१५ च्या नाशिक सिंहस्थापूर्वी, मूळचे नाशिकचे असलेले अमेरिकेतील एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 'कुंभथॉन' हा उपक्रम सुरू झाला. त्यातून नाशिकचा नीलय कुलकर्णी हा शाळकरी वयाचा मुलगा आणि त्याचे सहकारी यांनी 'अशिओतो' नावाची रचना तयार केली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. वाटेवर अंथरलेल्या पट्ट्यावर पाय पडला की त्यातील संवेदक दाब ओळखतात आणि मोजणी तत्काळ दूरवर पोहोचते. या चमूने दिलेल्या माहितीनुसार त्या सिंहस्थात अठरा तासांत सुमारे पाच लाख लोकांची मोजणी झाली. बारा वर्षांपूर्वी ज्या नगरात ३९ माणसे गेली, त्याच नगरातील मुलांनी हा उपाय शोधला, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावी.

तिसरा प्रकार खिशातील भ्रमणध्वनीवर आधारलेला. वाय-फाय किंवा ब्लूटूथ चालू असलेला फोन आसपासची जाळी शोधण्यासाठी अधूनमधून संकेत सोडत असतो. संवेदक ते ऐकतो आणि वेगवेगळे किती फोन परिसरात आहेत, याचा हिशेब ठेवतो. कल्पना आकर्षक आहे. पण तिच्यावर आंधळा विश्वास टाकू नये. फोनचा माग काढला जाऊ नये म्हणून २०१४ पासून निर्मात्यांनी या संकेतातील ओळख-क्रमांक वारंवार बदलण्याची सोय करण्यास आरंभ केला, आणि आता ती सर्वत्र रूढ झाली आहे. त्यामुळे एकच फोन अनेक फोनांसारखा दिसू शकतो. उलटपक्षी, लहान मुले, वृद्ध स्त्रिया, फोन घरी ठेवून आलेले शेतकरी या मोजणीत येतच नाहीत. आणि गर्दीत सर्वांत अधिक धोका असतो तो त्यांनाच.

चौथा प्रकार फोनवर अवलंबून नाही. मानवी शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असते आणि वाय-फायच्या लहरी पाण्यात बऱ्याच शोषल्या जातात. प्रेषक एका बाजूस व ग्राहक दुसऱ्या बाजूस ठेवला, तर मधली माणसे वाढतील तसा संकेत क्षीण व अस्थिर होतो आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधता येतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील संशोधकांनी २०१५ मध्ये या रीतीने नऊ माणसांपर्यंतची मोजणी करून दाखविली. नऊ माणसे आणि आपली यात्रा यांत किती अंतर आहे हे सांगावयास नको. दाट जमावात ही रीत नेमका आकडा देण्याऐवजी 'विरळ, दाट, फार दाट' एवढेच सांगेल. परंतु वेळीच सांगितले तर तेवढेही पुरेसे आहे.

निरोप पोहोचण्याची वाट

संवेदकाने मोजले, पण निरोप पोहोचलाच नाही, तर सारे व्यर्थ. यात्रेत फोन लागत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. हजारो लोक एकाच मनोऱ्यावर अवलंबून असतात आणि गर्दी सर्वाधिक झाली की नेमकी त्याच वेळी ही यंत्रणा कोलमडते. म्हणून गर्दी मोजणारे यंत्र त्याच जाळ्यावर विसंबून असता कामा नये.

यासाठी 'लोरा' नावाची अल्पशक्तीची रेडिओ-पद्धती उपयोगी पडते. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा अल्पशक्तीच्या अशा उपकरणांना परवान्याविना वापरता येतो. तिच्यातून बोलणे किंवा चित्रे जाऊ शकत नाहीत. पण 'दरवाजा दोन, पाच मिनिटे, ३१० आत, १८० बाहेर' एवढा निरोप काही किलोमीटरपर्यंत सहज जातो आणि लहानशा विद्युत्-घटावर साधन दीर्घकाळ चालते. त्याच्या जोडीला पोलिसांचा नेहमीचा बिनतारी संच असावाच.

यंत्रावर माणसाची नजर

नवे यंत्र आले की आपली एक चूक होते. आकडा पडद्यावर उमटला म्हणजे तो खरा, असे आपण मानू लागतो. वस्तुतः प्रत्येक यंत्राची सकाळ-संध्याकाळ परीक्षा घ्यावी लागते. दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे दोन स्वयंसेवकांनी दरवाजावर उभे राहून हाताने मोजावे. हाताची मोजणी ६०० आणि यंत्राची ४०० आली, तर त्या वेळेपुरता गुणक दीड. दुपारी बायका-मुलांची संख्या वाढली, रात्री दिंड्या आल्या, की हा गुणक बदलतो. म्हणून तो एकदा काढून चालत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी हे काम आनंदाने करतील, आणि नमुना-पाहणी म्हणजे काय हे त्यांना पुस्तकापेक्षा अधिक चांगले समजेल.

आणखी एक बारकावा आहे. आत गेलेल्यांतून बाहेर आलेले वजा करून 'आत किती' हे काढताना चूक साचत जाते. दिवसभरात २०,००० लोक आत गेले आणि प्रवेशद्वारावरचे यंत्र शंभरामागे पाच माणसे चुकले, तर एक हजार माणसे हिशेबाबाहेर राहतील. प्रांगणाची क्षमताच दीड हजाराची असेल, तर ही चूक जीवघेणी ठरू शकते. म्हणून प्रांगण रिकामे असते अशी एखादी वेळ निवडून हिशेब पुन्हा शून्यावर आणावा, आणि मंडपाच्या छतावरून प्रत्यक्ष दाटीही पाहत राहावी.

लोकांच्या खाजगीपणाचाही विचार हवा. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. यात्रेकरू कोण, कोठला, कोणाबरोबर आला, हे जाणून घेण्याचे आपल्याला कारण नाही. फोनचे ओळख-क्रमांक साठवू नयेत. संख्या काढून ते पुसून टाकावेत. 'येथे गर्दीची मोजणी चालू आहे, कोणाचीही ओळख नोंदविली जात नाही' असा फलक मराठीत ठळकपणे लावावा.

आकड्यानंतर काय?

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. प्रयागराज येथील २०२५ च्या महाकुंभात गर्दी मोजण्यासाठी संगणकाची जोड दिलेले कॅमेरे आणि मोठे नियंत्रण केंद्र होते. तरीही २९ जानेवारीच्या पहाटे, मौनी अमावस्येला, संगमाजवळ दुर्घटना घडली आणि प्रशासनाने त्या वेळी ३० मृत्यू जाहीर केले. यावरून यंत्रे निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष मी काढत नाही. पण मोजणी म्हणजे संरक्षण नव्हे, एवढे त्यातून निश्चित शिकावे. आकडा आणि कृती यांच्यामधले अंतर माणसांनीच आधी भरून काढलेले असावे लागते.

म्हणून यात्रेच्या महिनाभर आधी ग्रामपंचायत, देवस्थान, महसूल, पोलीस व आरोग्य या सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात. पहिली, प्रत्येक चिंचोळ्या वाटेची फुटपट्टीने मोजलेली रुंदी आणि तिची क्षमता. ब्रिटनमधील क्रीडांगणांसाठीच्या मार्गदर्शिकेत मीटरभर रुंदीमागे मिनिटाला सपाट वाटेवर ८२ आणि पायऱ्यांवर ६६ माणसे ही कमाल मर्यादा मानतात. आपल्याकडे हातात पूजेचे ताट, कडेवर मूल आणि पायाखाली ओली फरशी. तेव्हा आपली मर्यादा याहून बरीच खाली ठेवावी. दुसरी, सावध होण्याचा आकडा. तिसरी, रांग थांबविण्याचा आकडा. आणि चौथी, तो आकडा येताच रांग थांबविण्याचा अधिकार कोणाचा, हे त्या अधिकाऱ्याच्या पदासह. त्या क्षणी वरिष्ठांची परवानगी मागण्याची, मानकऱ्यांची किंवा पाहुण्यांची वाट पाहण्याची पाळी येऊ नये.

रांग थांबवावयाची तीही देवळाच्या दाराशी नव्हे. दाराशी थांबविली तर मागचा ओघ येतच राहतो आणि दाब वाढतो. ती दूर, सावली व पाणी असलेल्या मोकळ्या जागेत थांबवावी. आणि थांबलेल्यांना किती वेळ लागेल हे दर दहा मिनिटांनी सांगावे. माणूस थांबण्याला कंटाळत नाही, अनिश्चिततेला कंटाळतो. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनाविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे; तीही या बैठकीत सर्वांनी पुढ्यात ठेवावी.

यात्रा संपली की तासागणिक आकडे एका वहीत उतरवून ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावेत. अधिकारी बदलतात, समित्या बदलतात, वही राहते. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या की पहाटे गर्दी केव्हा चढते, कोणत्या बसगाड्यांनंतर लोंढा येतो, पाऊस पडला तर काय होते, हे पुढच्या माणसाला आपोआप कळेल. ज्या गावाला संवेदक परवडणार नाहीत, त्या गावानेही हे काम चार विद्यार्थी, एक घड्याळ आणि हातातला मोजणी-खटका यांच्या बळावर सुरू करावे. आकडा, मर्यादा आणि ती ओलांडली की करावयाची कृती, ही शिस्त खरी. बिनतारी यंत्र तिला वेग देते.

शेवटी आपल्याच मातीतील एका कथेची आठवण करून देतो. संत नामदेवांना नागनाथाच्या देवळामागे जाऊन कीर्तन करावयास सांगितले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्या दिशेला आले, अशी आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या भक्तासाठी देऊळ फिरले, ही आपली श्रद्धा. आपल्या सोयीसाठी ते पुन्हा फिरावे, अशी अपेक्षा मात्र आपण करू नये. वाट वळविणे, रांग थांबविणे, दुसरा मार्ग मोकळा करणे, हे आपले काम आहे. घरून निघालेली प्रत्येक आजी दर्शन घेऊन सुखरूप घरी परतली, तरच त्या वर्षीची यात्रा साजरी झाली असे म्हणावे. लाखांचा आकडा त्यानंतर सांगता येईल, आणि तो मोजलेला असेल.